हवाई टपालाची सचित्र पाकिटे

पोस्टाची तिकिटे जमविण्याचा छंद आपल्यापैकी पुष्कळांनी शाळेत असताना केलेला असतो आणि महाविद्यालयात येईपर्यंत सोडूनही दिलेला असतो. त्या छंदात पाकिटाला काडीचीही किंमत नसे. पाकिटाचा कोपरा कातरायचा, तो कोमट पाण्यात भिजवायचा, तिकीट अलगद सोडवून वहीत लावायचे आणि उरलेले पाकीट बंबात घालायचे, अशी रीत. प्रस्तुत लेखाचा विषय नेमका तो बंबात जाणारा भाग आहे.

गेली तीन वर्षे मी हवाई टपालाची जुनी पाकिटे जमवीत आहे. संख्या विचाराल तर फार नाही, बुटाच्या एका खोक्यात मावतील एवढीच. प्रथम मला भुरळ पडली ती त्यांवरच्या छापील चित्रांची. कडेने तिरप्या लाल-निळ्या पट्ट्या, कोपऱ्यात पंख पसरलेले विमान, नकाशावरून दोन शहरांना जोडणारी तुटक रेषा, एखादा उडता घोडा किंवा गरुड. पहिल्या उड्डाणाच्या वा अशाच विशेष प्रसंगी पाकिटावर जे चित्र छापतात किंवा उमटवितात त्याला संग्राहक ‘कॅशे’ म्हणतात. शब्द फ्रेंच आहे. परंतु चित्रांसाठी जमवायला लागलेला माणूस हळूहळू चित्रांकडे कमी आणि शिक्क्यांकडे अधिक पाहू लागतो, असा माझा अनुभव आहे. पाकिटावरची कोणती खूण कामाची आणि कोणती शोभेची, हे ओळखता येणे हाच या छंदातला अभ्यासाचा भाग होय.

तिरप्या पट्ट्यांचेच उदाहरण घेऊ. आज कोणालाही विमानाचे पाकीट काढायला सांगितले तर तो आधी या पट्ट्या काढील, इतक्या त्या डोळ्यांत बसल्या आहेत. त्या कडेलाच का असतात? दहा साधी पाकिटे आणि त्यांत दोन पट्ट्यांची पाकिटे मिसळून गठ्ठा बांधावा आणि तो बाजूने पाहावा. कागद फक्त जाडीपुरता दिसतो, पण पट्ट्या अगदी कडेपर्यंत छापलेल्या असल्याने ती दोन पाकिटे लगेच उठून दिसतात. रात्रीच्या गाडीत झोपेला आलेल्या टपाल छाटणाऱ्या कारकुनाला उद्देशून दिलेली ती हाक आहे. निळ्या चिठ्ठीचेही तेच. १९१८ च्या ऑगस्टमध्ये फ्रान्समध्ये पॅरिस ते सँ-नाझेर या हवाई टपालासाठी अशी चिठ्ठी प्रथम वापरली गेली. पुढे १९२७ साली हेग येथे जागतिक टपाल संघाची हवाई टपालाविषयी परिषद झाली आणि नंतरच्या काळात ‘पार आव्हियाँ’, म्हणजे ‘विमानाने’, हे फ्रेंच शब्द असलेली निळी चिठ्ठी देशोदेशी रूढ झाली. फ्रेंच ही त्या संघाची अधिकृत भाषा असल्याने आपल्या तालुक्याच्या पोस्टातही ही अक्षरे येऊन पोहोचली. पाकिटाचा कागद पातळ असतो त्यालाही कारण आहे. विमानात वजनाला पैसे पडत. पट्ट्यांचे रंग मात्र सर्वत्र एकच नाहीत. लाल-निळे सर्वांत जास्त. पण ब्राझीलची हिरवी-पिवळी आणि मेक्सिकोची हिरवी-लाल पाकिटेही आढळतात.

हवाई टपालाचा इतिहास सांगताना आपल्या देशाचे नाव आरंभीच येते, ही गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. १८ फेब्रुवारी १९११ रोजी अलाहाबाद येथे भरलेल्या प्रदर्शनाच्या मैदानावरून आंरी पेके या तेवीस वर्षांच्या फ्रेंच वैमानिकाने सुमारे साडेसहा हजार पत्रे घेऊन उड्डाण केले आणि यमुना ओलांडून तो नैनीला उतरला. अंतर सुमारे १० किलोमीटर, वेळ १३ मिनिटे. जगातील पहिले अधिकृत हवाई टपाल ते हेच. ही योजना वॉल्टर विंडहॅम या इंग्रज गृहस्थाची. नेहमीच्या टपालखर्चाशिवाय प्रत्येक पत्रामागे सहा आणे घेतले गेले आणि ती रक्कम अलाहाबादच्या एका चर्चच्या विद्यार्थी वसतिगृहाला मिळाली. (वसतिगृहात राहणाऱ्या आमच्या मित्रांनी ही युक्ती लक्षात ठेवावी.) या पत्रांवर किरमिजी शाईत एक मोठा गोल शिक्का आहे. त्यात डोंगरांवरून उडणारे विमान आहे. अलाहाबाद आणि नैनी यांच्यामध्ये डोंगर कोठून आले, असा प्रश्न पडतो. तेव्हा पहिल्याच हवाई शिक्क्यात चित्रकाराने थोडी पदरची भर घातली आहे, असे म्हणावयास हरकत नाही. पण तो शिक्का शोभेचा नव्हता. पत्र खरोखर विमानातून गेल्याची ती निशाणी होती.

नियमित हवाई टपाल आपल्याकडे आले ते १९२९ साली. त्या वर्षी ३० मार्चला इम्पीरियल एअरवेजने लंडन ते कराची ही सेवा सुरू केली. हिच्या जाहिरातींतील नकाशात लंडनपासून कराचीपर्यंत डौलदार रेषा दिसते. प्रत्यक्षात स्वित्झर्लंडमधील बाझेलपासून इटलीतील जिनोआपर्यंत टपाल आगगाडीने जाई, तेथून समुद्री विमानाने अलेक्झांड्रियास आणि पुढे पुन्हा जमिनीवरच्या विमानाने कराचीस. म्हणजे हवाई पत्राचा काही प्रवास रुळांवरून होई! नकाशातल्या रेषेवर विश्वास ठेवू नये, हा धडा मला या पाकिटांनी दिला. त्याच वर्षी हिंदुस्थान सरकारने हवाई टपालासाठी सहा तिकिटांचा संच काढला. पंचम जॉर्ज बादशहाचे डोके आणि शेजारी उडते विमान असलेली ही तिकिटे आपल्या नाशिकच्या छापखान्यात छापली गेली.

१५ ऑक्टोबर १९३२ हा दिवस मात्र आपल्या अधिक जवळचा. त्या दिवशी जे. आर. डी. टाटा यांनी इम्पीरियल एअरवेजने कराचीपर्यंत आणलेले टपाल पस मॉथ या चिमुकल्या विमानात घालून अहमदाबादमार्गे मुंबईला जुहू येथे आणले. टपालाचे वजन ५५ पौंड, म्हणजे तांदळाच्या लहानशा पोत्याएवढे. जुहूहून ते टपाल नेव्हिल व्हिन्सेंट यांनी बेल्लारीमार्गे मद्रासला नेले. जुहूचे मैदान तेव्हा समुद्राकाठचे, पावसाळ्यात पाण्याखाली जाणारे. म्हणून पावसाळ्यापुरता या सेवेचा मुक्काम पुण्याला येरवड्याजवळच्या मैदानावर हलविला जाई. त्या वर्षांतील पावसाळी महिन्यांची पाकिटे पाहताना पुण्याचा उल्लेख आढळला तर तो याच कारणाने असू शकतो. पाकिटावर चित्र असो वा नसो, एवढी एक गोष्ट ठाऊक असली की त्या साध्या शिक्क्यामागे कोसळणारा पाऊस दिसू लागतो. टाटांनी ही फेरी पुढे दोनदा, १९६२ आणि १९८२ साली, स्वतः विमान चालवून पुन्हा केली; दुसऱ्या वेळी त्यांचे वय ७८ होते.

चित्रांची खरी रेलचेल पाहायची असेल तर मात्र अमेरिकेकडे वळले पाहिजे. तेथे नियमित हवाई टपाल १५ मे १९१८ रोजी वॉशिंग्टन, फिलाडेल्फिया आणि न्यूयॉर्क यांच्या दरम्यान सुरू झाले होते. (वॉशिंग्टनहून निघालेला पहिला वैमानिक उत्तरेऐवजी दक्षिणेला गेला आणि एका शेतात उतरला, तो भाग वेगळा.) या घटनेला वीस वर्षे झाली तेव्हा, १५ ते २१ मे १९३८ या काळात, तेथील टपाल खात्याने राष्ट्रीय हवाई टपाल सप्ताह साजरा केला. साध्या पत्राला तेव्हा तीन सेंट पडत, विमानाच्या पत्राला सहा. लोकांनी दुप्पट पैसे द्यावेत म्हणून खात्याने एक नामी कल्पना काढली. प्रत्येक गावाने आपापले चित्र तयार करावे आणि त्या आठवड्यात जाणाऱ्या हवाई पत्रांवर ते उमटवावे! सुमारे दहा हजार निरनिराळी चित्रे त्या एका आठवड्यात निघाली. कोणी आपल्या गावचे पीक काढले, कोणी कारखाना, कोणी जुने न्यायालय, कोणी नदीवरचा पूल. काही चित्रे उत्तम छापखान्यातली, तर काही गावच्या पोस्टमास्तराने बहुधा स्वतःच रबरावर कोरलेली असावीत अशी ओबडधोबड. १९ मे रोजी लहान लहान गावांतून विमाने जाऊन टपाल उचलून आणीत होती. दीड कोटीहून अधिक हवाई पत्रे त्या आठवड्यात गेली. त्या प्रसंगी निघालेल्या गरुडाच्या सहा सेंटी तिकिटाची कल्पना राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांची. ते स्वतः जुने तिकीट-संग्राहक होते.

माझ्याकडे या सप्ताहातील दोन पाकिटे आहेत. दोन्ही एका प्रदर्शनातल्या विक्रेत्याकडून घेतली. महाग नव्हती, कारण ती ढिगाने मिळतात. एकावर कणसे आणि विमान, दुसऱ्यावर घंटाघर. चित्रे सुबक आहेत, शिक्के स्वच्छ आहेत, पत्ता टंकलिखित आहे. आणि दोन्ही पाकिटे आतून कोरी आहेत. त्यांत पत्र कधी नव्हतेच! जपून ठेवण्यासाठीच ती पाठविली गेली. संग्राहकांनी संग्राहकांसाठी केलेले हे टपाल. जाणते लोक अशा पाकिटांना जरा कमी लेखतात. मला ते मत पूर्णपणे मान्य नाही. कारण गावाला स्वतःचे चित्र काढायला सांगितले असता गावाने काय काढले, हे समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याला दुसरीकडे कोठे इतक्या स्वस्तात पाहायला मिळणार? मात्र हे ‘पत्र’ नव्हे, हे ध्यानात ठेवून त्याकडे पाहावे.

आपल्याकडे या प्रकारातील सर्वांत गमतीची पाकिटे कलकत्त्याचे स्टीफन स्मिथ यांची. या गृहस्थांनी १९३४ पासून अग्निबाणातून पत्रे पाठविण्याचे प्रयोग केले. १९३५ साली सिक्कीममध्ये, तेथील राजांच्या पाठिंब्याने, त्यांचे बरेच बाण उडाले. त्याच वर्षी दामोदर नदीवरून त्यांनी एका बाणातून एक कोंबडा आणि एक कोंबडी पलीकडे पाठविली आणि ती दोघे जिवंत उतरली. प्रयोगासाठी छापलेली सचित्र पत्रे ते संग्राहकांना विकत. चित्रांच्या विक्रीवर शास्त्रीय प्रयोग चालविणारा हा माणूस १९५१ साली वारला. १९९२ मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांच्या जन्मशताब्दीचे तिकीट काढले.

स्वातंत्र्यानंतर ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला गेले. येथे नवशिक्या संग्राहकाने एक काळजी घ्यावी. या सेवेनिमित्त निघालेले बारा आण्यांचे तिकीट २९ मे रोजीच प्रसिद्ध झाले होते. म्हणून २९ मेचा शिक्का असलेले सचित्र पाकीट हे तिकिटाच्या पहिल्या दिवसाचे पाकीट आहे, एवढ्यावरून ते पहिल्या उड्डाणाचे ठरत नाही. चित्र दोन्हीवर विमानाचेच असल्याने विक्रेते कधी अजाणता, कधी जाणूनबुजून घोटाळा करतात.

नंतरच्या वर्षी असे काही घडले की ज्यामुळे देशांतर्गत टपालात या सजावटीचे कामच संपले. ३० जानेवारी १९४९ रोजी रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून विमाने रात्री निघत, मध्यरात्री नागपूरला एकत्र येत, एकमेकांचे टपाल बदलून घेत आणि पहाटेपर्यंत आपापल्या गावी परतत. त्याच वर्षी १ एप्रिलपासून, जेथे विमानाने टपाल लवकर पोहोचत असेल तेथे साधी पत्रेही जादा आकार न घेता विमानाने नेण्याची योजना अमलात आली. म्हणजे नागपूरच्या मैदानावर मध्यरात्री जी पोती इकडून तिकडे जात त्यांत पट्ट्या नसलेली, चित्र नसलेली, घामेजल्या हातांनी लिहिलेली साधी पाकिटे होती. आपल्या आजोबांनी नोकरीच्या गावाहून धाडलेले एखादे साधे पत्रही विमानात बसून आलेले असेल! पट्ट्यांची पाकिटे परदेशी पत्रांपुरती उरली.

आता ज्या पाकिटामुळे हा लेख लिहावासा वाटला त्याकडे वळतो. आमच्या गल्लीत एक वृद्ध आजी राहतात. त्यांचे थोरले बंधू १९५० नंतरच्या दशकात नोकरीसाठी नैरोबीला गेले आणि तेथेच स्थायिक झाले. त्यांच्या पत्रांचा गठ्ठा आजींनी एका पत्र्याच्या डब्यात ठेवला होता. माझा छंद कळल्यावर त्या म्हणाल्या, “पाकिटं ने हवी तर. त्यांचं मी काय करू? दादाची पत्रं मात्र द्यायची नाही.” पाकिटे त्रेचाळीस होती. केनिया, युगांडा, टांगानिका ही तीन नावे एकत्र असलेली राणीची तिकिटे, पट्ट्या, आणि काहींच्या कोपऱ्यात छापलेला जिराफ व त्याच्या डोक्यावरून जाणारे विमान. असे चित्र माझ्या संग्रहात नव्हते. हो म्हणायला मन अगदी उतावीळ झाले होते.

पण पत्रे पाहिली तर दादांनी एकाही पत्रावर तारीख घातली नव्हती. ‘सोमवार, रात्री’ किंवा ‘बुधवार’ एवढेच. तारीख होती ती पाकिटावर. पाकिटे मी उचलून आणली असती तर ती पत्रे कायमची वारावरच राहिली असती. म्हणून चार रविवार बसून आम्ही जोड्या लावल्या. घडीची रेघ, शाईचा रंग, टाचणीच्या गंजाचा डाग पत्र आणि पाकीट दोन्हींवर एकाच जागी उमटला आहे का, अशा खुणांवरून. अकरा पाकिटांची तिकिटे कोण्या भाच्याने शाळेच्या वहीसाठी कापून नेली होती आणि तिकिटाबरोबर नैरोबीचा शिक्काही गेला होता. तेथे मागची बाजू उपयोगी पडली. आमच्या पोस्टाचा पोहोच शिक्का काही पाकिटांच्या पाठीवर शाबूत होता. एकोणतीस जोड्या नक्की जुळल्या.

त्यांतील एक पत्र वडील वारल्यानंतरचे. ‘तार काल मिळाली’ अशी त्याची सुरुवात. हे पत्र महिनाभराने आले, हे आजींना पक्के आठवत होते. तार पोहोचून इतके दिवस झाल्यावर दादाने ‘काल’ असे लिहिले, हे त्यांच्या मनात साठ वर्षे सलत होते. तसे त्यांनी कोणाला बोलून दाखविले नव्हते. जुळलेले पाकीट हाती आले तेव्हा त्यावर नैरोबीचा शिक्का तार गेल्यानंतर तिसऱ्या दिवसाचा निघाला आणि आमच्या पोस्टाचा त्यानंतर सव्वीस दिवसांनी. पुढच्या बाजूस, पट्ट्यांच्या आत, जांभळ्या शाईत आणखी एक लहान शिक्का होता. हवाई वाहतुकीसाठी पुरेसे तिकीट लावलेले नाही, असा त्याचा अर्थ. घाईत दादांनी पाकीट विमानाचे घेतले आणि तिकीट कमी लावले. पट्ट्या होत्या, जिराफावरून विमानही जात होते, पण ते पत्र मोंबासाहून बोटीने आले.

आजींनी ते तीनदा वाचून घेतले. मग पाकीट स्वतःच्या हातात घेऊन उलटसुलट पाहिले. “म्हणजे त्यानं लगेच लिहिलं होतं,” त्या म्हणाल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या.

ती त्रेचाळीस पाकिटे आजींच्याच डब्यात आहेत. जुळलेल्या जोड्यांवर मऊ पेन्सिलीने, पाठीमागे, लहानसा क्रमांक घातला आहे. न जुळलेली चौदा पाकिटे आणि उरलेली नऊ पत्रे वेगळ्या कागदात ठेवली आहेत.

ज्यांच्या घरी असे डबे असतील त्यांच्यासाठी थोडे व्यवहाराचे. तिकिटे कापू नयेत, हे आता वेगळे सांगायला नको. पाकिटातून पत्र काढल्यास परत त्याच पाकिटात घालावे. फाटलेल्या जागी पारदर्शक चिकटपट्टी लावू नये. काही वर्षांनी ती पिवळी पडते आणि तिचा डिंक कागदात उतरतो. टाचण्या आणि पिना काढून टाकाव्यात, पण गंजाचे डाग पुसण्याच्या नादी लागू नये. इस्त्री फिरवू नये. पावसाळ्यात डबा भिंतीला टेकवून ठेवू नये आणि वर्षातून दोनदा उघडून कसर लागली आहे का ते पाहावे. जुन्या हवाई आंतरराष्ट्रीय पत्रांत, ज्यांना एरोग्राम म्हणतात, पत्र आणि पाकीट एकाच कागदाचे असल्यामुळे ती ताटातूट होण्याचे भय नसते. ती उघडताना मात्र पुष्कळांनी चाकू भलत्याच कडेने चालविलेला असतो आणि शेवटच्या दोन ओळी दुसऱ्या तुकड्यावर जातात. तो तुकडा बहुधा त्याच डब्याच्या तळाशी सापडतो, तेव्हा डबा झाडण्यापूर्वी तळ नीट पाहावा.